एक चाळीसचा नकार

दर तीन महिन्यांनी मी एक यादी काढते आणि दर तीन महिन्यांनी माझा अपमान होतो. आमच्या रुग्णवाहिका सेवेला लोकांनी मदतीसाठी केलेले जुने फोन कोणाकोणाला उघडून ऐकता येतात, त्यांची नावं त्या यादीत असतात. प्रत्येक विभागप्रमुखाला ती पाठवून मी विचारते, या माणसाला ही परवानगी अजून लागते का? आणि सगळे जण न वाचता वरपासून खालपर्यंत ‘हो’ करून मिनिटभरात परत पाठवतात. सप्टेंबरच्या यादीत वाहन विभागातल्या शिवण्णांनाही ‘हो’ आलं. शिवण्णांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. अकराव्याच्या जेवणाला त्यांचे हेच प्रमुख माझ्या शेजारी बसून दोनदा पायसम मागून घेत होते.

त्या दिवशी मी ठरवलं, आता विचारणं बंद.

माझं नाव वेदावती. आमचं कार्यालय बंगळुरात, बनशंकरीच्या पुढे. येणारा प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो आणि कुलूपबंद होऊन क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर, पडून राहतो. दर सालची एक किल्ली. ही किल्ली कोणाच्या हातात येत नाही, मला सुद्धा ती कधी दिसलेली नाही. आपण फक्त मागायचं, एवढं उघडून दे. ती सांभाळणारी यंत्रणा आपलं नाव परवानगीच्या कागदावर आहे का बघते, उघडते किंवा नाही म्हणते, आणि दोन्ही वेळा नाव आणि वेळ लिहून ठेवते. तो कागद लिहायचं काम माझं. ज्याने कागद लिहायचा त्याने कुलूप उघडायचं नाही, हा आमचा पहिला नियम. नऊ वर्षं मी हे काम करते आहे आणि एकही फोन ऐकलेला नाही.

यावेळी मी सगळ्यांच्याच परवानग्या काढून टाकायचं ठरवलं. चौकशी विभागातल्या नऊ जणांच्या फक्त ठेवायच्या, कारण फोन ऐकणं हेच त्यांचं काम. बाकी दोनशे पाच नावं डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता साफ. येणाऱ्या फोनला याचा काही धक्का नाही, गाड्या सुटतातच. थांबतं ते फक्त जुनं ऐकणं.

आमचा व्यवस्थापक श्रीनिधी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘वेदाक्का, लोक ओरडतील.’

‘ओरडू देत. जो ओरडेल त्याला लागतं, जो गप्प बसेल त्याला लागत नाही. याहून सोपी तपासणी सांग.’

‘आणि माझ्या डोक्यावर बसून ओरडले तर?’

‘तुझ्या केबिनला दार आहे ना? लावून घे.’

सोमवारी साडेनऊपासून माझ्या टेबलासमोर रांग लागली. डिसेंबरात सगळ्यांच्या डब्यात अवरेकाळू, म्हणजे वालाचे ओले दाणे, असतात, त्यामुळे त्या वासासकट रांग. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, कशासाठी? प्रशिक्षणवाला म्हणाला, नव्या पोरींना नमुना ऐकवायला. दिली. हिशेब विभागातला म्हणाला, ‘लागतं हो, मॅडम.’ मी म्हटलं, ‘लागतं हे कारण नाही. भूक पण लागते.’ तो रागावून गेला तो परत आला नाही. शुक्रवारपर्यंत अकरा जण आले, त्यातल्या चौघांना मी परवानगी दिली. उरलेल्या एकशे चौऱ्याण्णव लोकांना आपल्याकडून काही गेलं आहे याचा पत्ताही नव्हता. मी खुशीत होते.

शुक्रवारी दुपारी मी नकारांची नोंद काढली. परवानगी नसताना कोणी उघडायला बघितलं तर तेही लिहिलं जातं. त्यात एक नाव पाच वेळा होतं. सोमवारी एक वाजून चाळीस मिनिटांनी एकदा, नकार. मंगळवारी एक चाळीसला एकदा, नकार. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी तसंच. पाचही वेळा एकच रेकॉर्डिंग, अठरा सालचं. रांगेत मात्र हा माणूस आला नव्हता.

मी मागच्या नोंदी उघडल्या. दोन वर्षांपासून, कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी, जेवणाच्या सुट्टीत हेच रेकॉर्डिंग उघडलेलं. चारशे सत्याण्णव वेळा. नाव, होन्नप्पा. दप्तर विभाग.

होन्नप्पा सत्तावन्न वर्षांचे, कुणिगलकडचे. ऑगस्टमध्ये निवृत्त होणार. त्यांचं काम नोंदींच्या क्रमांकांशी, आवाजांशी नाही. पंख्याचा वारा थेट अंगावर आला तरी खुर्ची हलवू का म्हणून न विचारणारा माणूस. असला माणूस दुसऱ्याचं दुखणं चोरून ऐकत बसतो?

सोमवारी मी कँटीनमध्ये त्यांच्या समोर जाऊन बसले. ते एकटेच मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, आणि पातळ सारू खात होते.

‘होन्नप्पा, गेला आठवडाभर रोज एक चाळीसला तुम्ही ते रेकॉर्डिंग मागताय. माझ्याकडे का आला नाहीत?’

त्यांचा हात ताटातच थांबला. ‘येऊन काय सांगू, वेदम्मा? तुम्ही कारण विचारता.’

‘मग सांगायचं कारण.’

‘कामाचं नाही ते.’ आणि हळूच म्हणाले, ‘नंजम्माचा आवाज आहे.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अठरा साली त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांच्या बायकोनेच आमच्याकडे फोन केला होता. ते वाचले. दोन वर्षांपूर्वी दसऱ्यात तीच गेली. फोटो आहेत भिंतभर. लग्नाची कॅसेट आहे, पण तिच्यात वाजंत्रीशिवाय काही ऐकू येत नाही आणि नंजम्मा मान खाली घालून बसलेली.

‘चार मिनिटं दहा सेकंदांचा आहे फोन,’ ते म्हणाले. ‘जेवलो की ऐकायचो. रोज एकदाच हां.’

खोटं कशाला सांगू, मला आधी दया आली नाही, राग आला. ‘एकदाच! आणि मोबाइलवर उतरवून घेतला नाहीत ते?’

‘छे छे! ती चोरी झाली असती.’

‘मग चारशे सत्याण्णव वेळा उघडलंत ती काय आरती होती?’

मला लगेच वाईट वाटलं, पण बोलून गेलेलं परत कसं घेणार?

‘एकतीस तारखेला अठरा साल जाणार,’ ते ताटाकडे बघत म्हणाले. ‘यादी मीच केली आहे. जाऊ दे.’

आमच्याकडे फोन सात वर्षं ठेवतात. सात वर्षांनी एकेक रेकॉर्डिंग शोधून पुसत बसत नाहीत, कारण प्रती दहा ठिकाणी असतात. त्या सालची किल्लीच नष्ट करतात. किल्ली गेली की सगळं बोलणं उरतं तिथेच, पण नुसता कचरा होऊन. तो आदेश द्यायचा मी, एकतीस डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजता.

मी विचारलं, ‘त्या फोनमधला रुग्ण कोण?’

‘मी.’

‘आपल्या फोनची प्रत रुग्णाला अर्ज करून मिळते. नियम तुम्हाला माहीत आहे.’

‘तो बाहेरच्या लोकांसाठी आहे, वेदम्मा.’

‘आणि त्या दिवशी आमच्या गाडीत आडवे पडला होतात तेव्हा ड्यूटीवर होतात का?’

पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं. एवढी वर्षं दप्तरात काढून हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून पुढचं बोलायला मला जड गेलं. पण बोलले.

‘अर्ज करा. आणि मी अहवाल देणार, चारशे सत्याण्णव वेळांचा. दोन्ही होणार. एक लपवून दुसरं मी करणार नाही.’

त्यांनी ताट बाजूला सारलं. ‘निवृत्तीला आठ महिने राहिलेत. आता सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावू नका. मला काही नको.’ आणि उठून गेले.

श्रीनिधीला सांगितलं तर त्याने दोन्ही हात वर केले. ‘परवानगी काढलीस ना? विषय संपला. तपासणीत हे आलं तर माझ्या नावावर लाल शेरा बसेल. बिचारा म्हातारा आहे, सोड.’

‘संपला कसा? त्यांना परवानगी दिली कोणी?’

‘कोणी?’

‘मी. एकवीस साली रेकॉर्डिंगं जुन्या जागेवरून इकडे आणली तेव्हा साठ लोकांना तपासायला दिली होती, तीन महिन्यांसाठी. काढायला विसरले. तीन महिन्यांची चार वर्षं झाली.’

‘तू स्वतःचं नाव घालणार अहवालात?’ तो खुर्चीत मागे टेकला. ‘अक्का, तुला वेड लागलंय.’

‘पहिल्या ओळीत घालणार.’

घातलं. ‘ही चूक परवानग्या सांभाळणाऱ्या वेदावती यांच्यापासून सुरू होते,’ असं लिहिलं, खाली होन्नप्पांचं सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि नियमाप्रमाणे एक प्रत होन्नप्पांच्या टेबलावर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर उभे, एका हातात अहवाल, माझ्या नावाच्या ओळीवर अंगठा, दुसऱ्या हातात अर्ज. अर्जातला एकच रकाना कोरा होता, कारणाचा.

‘इथे काय लिहू?’

‘मला सांगितलंत ते.’

उभ्याउभ्याच त्यांनी लिहिलं, ‘पत्नीचा आवाज आहे, म्हणून.’ अक्षर शाळेतल्या मुलासारखं गोल होतं. मी तो अर्ज मुबीनाकडे दिला. मुबीना चौकशी विभागाची. तिला उघडता येतं, पण परवानगी देता येत नाही, माझ्या बरोबर उलट.

मग पंधरा दिवस नुसता छळ. अर्जावर आमच्या वैद्यकीय प्रमुखांची, डॉक्टर चिदंबरांची, सही लागते. अर्ज त्यांच्या टेबलावर आठवडाभर पडला होता आणि नंतर कळलं की डॉक्टर काळे कपडे घालून, अनवाणी, शबरीमलैला निघून गेले. फोन बंद. बावीस तारखेला मी विचारलं तेव्हा त्यांची मदतनीस म्हणाली, एकतीसला येतील, पण कामावर दोन तारखेला.

श्रीनिधीला आता माझी कणव आली होती. ‘किल्ली पंधरा दिवस पुढे ढकलू. कोणाला कळणार?’

‘नाही.’

‘अगं, त्याच्यासाठीच तर म्हणतोय!’

‘अठरा साली तीन लाख लोकांनी फोन केले, श्रीनिधी. कोणी विष घेतलेलं, कोणाला नवऱ्याने मारलेलं. सात वर्षांनी हे राहणार नाही असा शब्द दिलाय आपण. एका माणसासाठी तीन लाखांचा शब्द मोडायचा? तो माणूस माझा भाऊ असता तरी नाही. सही आणायचं बघू.’

एकतीस तारखेला सकाळी सात वाजता मी जयनगरला डॉक्टरांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होते, हातात अर्ज. आठला त्यांची बस आली. डॉक्टर उतरले, दाढी वाढलेली, डोक्यावर प्रसादाची पिशवी, बायको आरतीचं ताट घेऊन फाटकात उभी. मी मधे घुसले.

‘वेदावती? कोण गेलं?’ ते घाबरलेच.

‘कोणी नाही, डॉक्टर. पाच वाजता जाणार आहे. सही करा.’

त्यांनी शेजाऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर अर्ज ठेवून वाचला. सगळा वाचला. आरतीतला कापूर विझला, बायकोने दुसरा लावला, तोवर सही झाली होती. कारणाच्या रकान्यावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं होतं, एवढं मी बघितलं.

दुपारी मुबीनाने ते रेकॉर्डिंग उघडलं आणि अर्जावरच्या मोबाइल नंबरवर पाठवलं. चार वाजून दहा मिनिटांची तिची नोंद मी तपासली. नाव बरोबर, कारण बरोबर.

पाच वाजता मी अठरा सालच्या किल्लीचा आदेश दिला. पडद्याने दोनदा विचारलं, नक्की? मी दोन्ही वेळा हो म्हटलं. पुढचे तीस दिवस तो आदेश मागे घेता येतो, पण मागे घेणारी मीच, आणि मी घेणार नव्हते. किल्ली त्याच क्षणी बंद पडली.

होन्नप्पांना ताकीदपत्र मिळालं आणि ऑगस्टपर्यंत गणवेशाच्या कोठारात बदली. मलाही ताकीदपत्र मिळालं. दोन्ही पत्रांवर श्रीनिधीची सही होती, आणि माझं पत्र देताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

पत्र घेऊन मी बाहेर पडले तर कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, होन्नप्पा उभे होते, हातात कॉफी, बाय-टू मधली, म्हणजे एकीचे दोन पेले करून घेतलेली, अर्धी. समोर दुसरी अर्धी माझ्यासाठी.

‘वेदम्मा, ऐका ना,’ त्यांनी मोबाइल पुढे केला.

‘मी ऐकत नाही. नियम आहे.’

‘नियम ऑफिसच्या फोनला. हा आता माझा आहे.’

मी तो हातात घेतला. नऊ वर्षांत ऐकलेला पहिला फोन. आजूबाजूला ताटल्या वाजत होत्या, म्हणून मी मोबाइल कानाला घट्ट लावला. आवाज जाड होता, घाईचा, पण रडका नाही.

‘हॅलो, गाडी पाठवता का? आमच्या यजमानांच्या छातीत दुखतंय. घामाने निथळलेत... पत्ता लिहून घे बाळ. देवळाकडून येऊ नका, रस्ता खणलाय, पिठाच्या गिरणीकडून वळा... काय? नाही, ते काही सांगत नाहीत. कधीच सांगत नाहीत. आणि हे बघ, तुम्ही आलात की म्हणतील, मला काही झालेलं नाही, परत जा. त्यांचं मुळीच ऐकू नका. हा माणूस स्वतःसाठी कधी काही मागायचा नाही. तुम्हीच उचला आणि न्या.’

पुढेही काही होतं, पण मी मोबाइल परत दिला. पाच दिवसांचे पाच नकार माझ्या डोळ्यांसमोर आले. रोज जेवून जागेवर यायचं, एकदा मागायचं, नाही ऐकायचं, आणि कामाला लागायचं. आणि मी हुशारी करून म्हटलं होतं, जो गप्प बसेल त्याला लागत नाही.

‘बघा कशी बोलते,’ होन्नप्पा म्हणाले. डोळे पुसले नाहीत, नुसते हसले. त्यांचा पेला केव्हाच रिकामा झाला होता.

‘आणखी कॉफी घ्याल?’

‘नको, नको. मला काही नको.’

मी त्यांचं ऐकलं नाही. काउंटरवर जाऊन दोन पूर्ण कॉफी सांगितल्या.