ताडापासून वीस पावलं

नोप उतरला, इंजिन बसवलेल्या बांबूगाडीच्या मागे गेला आणि दोन्ही हात टेकवून ती रुळांवरून ढकलू लागला. फलाट अजून वीस पावलं लांब होता. फलाटावरच्या उसाच्या रसाच्या टपरीपाशी उभी राहून त्याची मुलगी मालिस ते बघत होती.

"बघितलंस?" टपरीवाली सिएंगमावशी म्हणाली. "तुझी आई गेल्यापासून रिकामी गाडी घेऊन परतताना रोज हेच. तीस वर्षं गाडी माझ्या टपरीसमोर आणून उभी करणारा माणूस! नजर गेली बघ त्याची. म्हणून तर तुला फोन केला."

मालिस नोम पेन्हच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गाडी विकायची आणि बाबांना आपल्याकडे न्यायचं, हे ती बसमध्येच ठरवून आली होती. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. ते परवा येणार होतं.

जेवताना तिने विषय काढला.

"रुळांवर गुरं येतात, पोरं येतात. एखाद्या दिवशी अंगाशी येईल, बाबा."

"माझ्या नजरेला काय धाड भरलीय?" नोपने भातावर माशाचं कालवण ओतून घेतलं. "उद्या चल माझ्याबरोबर. स्वतःच बघ."

दुसऱ्या दिवशी ती गेली. भाताची पोती गिरणीवर उतरवली आणि दुपार कलल्यावर दोघं परत निघाली. नोप मागे इंजिनापाशी होता. मालिस पुढे आईच्या जागी बसली. आई रोज बाबांबरोबर पोती उतरवायला यायची, तिची चटई अजून तिथेच बांधलेली होती. रुळांचे सांधे खाडखाड वाजत मागे पडत होते.

वळणावरचा ताड आला. नोपने रोजच्यासारखंच इथे इंजिन बंद करून चाकावरच्या लाकडी ठोकळ्यावर पाय दाबला. गाडी कुरकुरत मंदावत गेली आणि बरोबर टपरीसमोर उभी राहिली. वीतभरसुद्धा इकडे तिकडे नाही.

सिएंगमावशी ग्लास विसळायची थांबली. "आज गाडी इथवर कशी काय आली गं?"

मालिस बसूनच राहिली. ताड तोच, पाय तोच, दाबायचा जोरही तोच. ओझं कमी झालं की तेवढ्याच जोराने गाडी लवकर थांबते, हे ती दरवर्षी आठवीच्या मुलांना फळ्यावर लिहून द्यायची. आई पंचेचाळीस किलोची होती. मालिसची चणही आईचीच. तिला एकदम रडू आलं.

"बाबा, तुमची नजर चांगली आहे," डोळे पुसून ती म्हणाली. "आई नसते म्हणून गाडी हलकी झालीय. ताडापाशी नका दाबू. पुढच्या वारुळापर्यंत येऊ द्या, मग दाबा. ढकलावी लागणार नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. तीस वर्षं काय गवत उपटतोय?" तो इंजिनाचा पट्टा सैल करू लागला. "ताड आला की ती म्हणायची, 'अहो, पाय.' मला काय ताड दिसत नव्हता? तरी म्हणायची. अजून म्हणते. मग मी वारुळापर्यंत कसा थांबू?"

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, तेव्हा मालिसने त्याला उसाचा रस पाजून परत पाठवलं. तिच्या बसला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात नोपची रिकामी गाडी दिसली. ताडापाशी ती मंदावली आणि फलाटाच्या वीस पावलं अलीकडे थांबली.

"झालं, पुन्हा तेच," सिएंगमावशी म्हणाली. "आता काय म्हणशील?"

"बरोबर थांबलेत, मावशी."

बॅग टपरीवर ठेवून मालिस रुळांमधून चालत गेली. वाऱ्याने आईच्या चटईचा कोपरा दुमडला होता, तो तिने सरळ केला. रिकाम्या जागेवर ती बसली नाही. मागे जाऊन बाबांच्या शेजारी उभी राहिली आणि गाडीला हात लावला.