भिंतीतील बुरशी व तिचे खरे कारण

वाचकहो, बुरशी भिंतीवर दिसते, परंतु तिचे मूळ मनुष्याच्या अहंकारात कसे असू शकते, याचे साद्यंत कथन आता करण्यात येत आहे.

एका गृहस्थांच्या लेकीच्या खोलीत कपाटामागे काळीकुट्ट बुरशी माजली. त्यांनी तिच्यावर तीनदा रंग फासला. तिन्ही वेळा ती रंगातून डोके वर काढती झाली. लेकीचा खोकला थांबेना. तेव्हा पत्नीने निक्षून सांगितले, "भिंत कोरडी होईतो आम्ही मायलेकी माहेरी." रिकाम्या घरात गृहस्थांना घास गोड लागेना. अखेर त्यांनी बुरशी काढणाऱ्या मिस्त्रीस पाचारण केले.

मिस्त्रीने तोंडास मास्क बांधला, दारावर प्लास्टिकचा पडदा चिकटविला आणि हवा बाहेर ओढणारे यंत्र खिडकीत बसविले. गृहस्थांनी सद्भावनेने टेबलफॅन आणून लावला.

"साहेब, बंद करा तो! घरभर बुरशीची पेरणी करायचीय का?"

"मी आपला वाळवत होतो."

"वाळवू मागाहून. आधी पाणी कुठून येतं ते बघू."

"वरच्या काकूंकडून, आणखी कुठून! दोन वर्षं ओरडतोय मी."

मिस्त्रीने ओल मोजणारे यंत्र छतालगत टेकविले. तेथे खडखडीत कोरडे! कमरेच्या उंचीवर मात्र यंत्र कोकलू लागले. गिलावा फोडताच आत पाइप दिसला आणि पाइपात रुतलेला लांबलचक स्क्रू.

"हे कपाट भिंतीला कुणी जखडलं?"

गृहस्थांनी स्वहस्ते जखडले होते. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. भिंतीतले मात्र वाहतच होते.

"मिस्त्री, हे आपल्या दोघांतच ठेवू."

"ठेवलं असतं. पण पाइप बदलायला कॉक बंद करावा लागतो, आणि तो काकूंच्या बाथरूममध्ये आहे."

गृहस्थ जिना चढले. सर्व कबुली ऐकून काकूंनी कमरेवर हात ठेवले.

"दोन वर्षं माझ्या नावानं बोटं मोडलीस. आता माझ्यासमोर बायकोला फोन लाव, अन् हेच तिला सांग."

लेकीसाठी गृहस्थांनी तेही केले.

"अहो," पत्नी म्हणाली, "काकूंना फोन द्या. हसायला सोबत हवी."

पाइप बदलला. कुजका गिलावा पिशव्यांत बंद होऊन गेला, भिंत घासूनपुसून झाली, यंत्रांनी ती पाच दिवस वाळविली. सहाव्या दिवशी लेक आपल्या खोलीत निजली. गृहस्थ दाराशी कान देऊन बराच वेळ बसले. खोकला आला नाही.

आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
नानू रंगारी