बॅग कुठे ठेवायची

"सर, तुम्ही स्वतः कधी मोठी बॅग घेऊन या गाडीने विमानतळावर गेला आहात का?"

प्रश्न विचारला भिंगरीने, आणि ज्या सरांना विचारला ते होते तिचेच बाबा. विमानतळाच्या नव्या गाडीचे डबे आतून कसे असावेत हे आखणाऱ्यांपैकी ते एक, म्हणून शाळेने त्यांना बोलायला बोलावलं होतं. भिंगरीला हे नाव पडलं ते ती कधी एका जागी टिकत नाही म्हणून. पण चारचौघांत उठून बोलायला ती याच वर्षी शिकली होती, आणि नवी सायकल मिळाल्यासारखी ती कला जिथेतिथे चालवून बघत होती. त्यात शेजारी बसलेली तिची मैत्रीण टाचणी, दिसायला तशी आणि टोचायलाही तशीच. "हिंमत असेल तर विचार," ती कुजबुजली होती, "नाहीतर महिनाभर माझं दप्तर उचल." मागची अख्खी रांग खुसखुसत होती.

बाबांनी समोरचे कागद सारखे केले. मग माइकमध्ये म्हणाले, "नाही."

सभागृह हसलं. भिंगरीही हसली, पण खाली बसता बसता तिला दिसलं, बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच परत ठेवला.

घरी आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "बापाला चांगलं उभं-आडवं घेतलंस म्हणे. घरी विचारायची सोय नव्हती?"

"घरी विचारलं की 'आधी जेव' म्हणतात."

आई भांडी लावायच्या निमित्ताने पाठमोरी झाली, पण तिचे खांदे हसत होते.

बाबा बाहेर टेबलावर डब्याचा नकाशा पसरून बसले होते. गाडी सुरू झाल्यापासून तक्रारींना नुसता ऊत आला होता. आणि आता याच नकाशावरून आणखी डबे बनणार होते. सोमवारी बाबांनी सही केली की कारखान्यात काम सुरू, मग बदल नाही.

"बाबा, सगळे म्हणतात बॅग ठेवायला जागाच नाही."

"सगळ्यांना अख्खं घर बरोबर न्यायचं असतं," बाबा मान वर न करता म्हणाले. "जास्त सीट दिल्या की जास्त माणसं बसतात. सरळ गोष्ट आहे."

"पण आपण तिघं कधी विमानात..."

"पुन्हा सभागृह भरवू नकोस."

शनिवारी भिंगरीने माळ्यावरून घरातली एकुलती एक मोठी बॅग खाली ओढली. तिच्यात थंडीची पांघरुणं असायची, ती तशीच राहू दिली. टाचणीलाही बरोबर घेतलं. पैज हिची, तर हमालीही हिचीच.

"आपण घर सोडून चाललोय का?" टाचणीने बॅग ओढत विचारलं. "मला नीट सांग, म्हणजे मी डबा आणते."

गाडीत शिरल्यावर मात्र तिचीही बडबड आटली. बॅग सीटच्या मधे मावेना आणि सीटखाली जाईना. भिंगरी वाटेतच तिला पोटाशी कवटाळून उभी राहिली. समोर एक काका मांडीवर बॅग घेऊन बसले होते, तिच्यावरून त्यांचा फक्त चष्मा दिसत होता. स्टेशन आलं की उतरणाऱ्या एकासाठी वाटेतले सगळे आपापलं सामान घेऊन खाली उतरायचे आणि पुन्हा चढायचे. एका स्टेशनवर निळ्या कोटातली एक बाई अशीच लोकांना वाट द्यायला उतरली. बॅग आतच ठेवून. दार बंद झालं. तिने काचेवर थापा मारल्या, गाडी निघाली, आणि बॅग 'चला, मीही येते' म्हणाल्यासारखी दोन सीट पुढे घरंगळली.

"ज्या शहाण्याने हा डबा काढला ना," चष्मेवाले काका म्हणाले, "त्यालाच एकदा बॅगेत घालून फिरवा."

डबा हसला. टाचणी नाही हसली. तिने भिंगरीकडे पाहिलं आणि हळूच तिच्या हातातली बॅग आपल्याकडे घेतली.

भिंगरीचे कान तापले होते. कुठेतरी बघायचं म्हणून तिने खिडकीकडे बघितलं. तिथे एक लहान पोरगी नाक काचेला लावून मजेत बसली होती. खिडकी बरोबर तिच्या डोळ्यांशी होती. आणि भिंगरीला आठवलं, ती एवढीशी असताना बाबा तिला जेवणाच्या खुर्चीवर बसवायचे, मागे भिंतीवर पेन्सिलने खूण करायचे आणि म्हणायचे, हलू नकोस, भिंगरे, तुझे डोळे मापतोय.

शेवटच्या स्टेशनवर दोघी त्या बाईची बॅग सांभाळत थांबल्या. पुढच्या गाडीने ती धापा टाकत आली. "देवासारख्या थांबलात गं," एवढंच म्हणाली आणि बॅग घेऊन पळत सुटली. तिला विमान मिळालं की नाही, हे त्यांना कळलंच नाही.

संध्याकाळी आईबाबा दोघं टेबलाशी होते. भिंगरीने बॅग दारातच ठेवली आणि सगळं सांगितलं, काकांचं बोलणंसुद्धा. बाबांचा चेहरा पडला. आई म्हणाली, "हे सांगायलाच हवं होतं का?"

"हवं होतं. आणि बाबा, खिडकी मस्त आहे. एक पोरगी सगळा रस्ता बाहेर बघत बसली होती."

बाबा नकाशावरच्या खिडकीवरून बोट फिरवत राहिले. "ती तुझ्या मापाची आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. मी घरात होते म्हणून मला मापलंत. ही बॅग माळ्यावर होती, म्हणून राहून गेली."

सोमवारच्या सहीसाठी काढलेलं पेन नकाशावर आडवं पडलं होतं. भिंगरीने ते उचलून आईच्या हातात दिलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या आपण तिघं विमानतळावर जातोय. उडायचं नाही, फक्त जाऊन यायचं. बॅग बाबा उचलणार. पेन तोवर आईकडे."