आतला टाका

मीनाबाई म्हणजे शब्द खाली पडू न देणारी बाई. तापीकाठच्या त्या गावात कुणाला ब्लाउज नीट बसला तर तो मीनाबाईनं शिवलेला, आणि टोमणा नीट बसला तर तोही तिचाच. पण फाल्गुनात सुरतेला कॅन्सरपायी तिचा उजवा स्तन काढला आणि घरी आल्यापासून बाई गप्प झाली. उजवा कोपर बरगडीशी घट्ट दाबून नुसती बसून राहायची.

"भिंतीवर बोटं चढवत हात वर न्या, नाहीतर खांदा आखडेल," असं दवाखान्यातल्या सिस्टरनं निघताना बजावलं होतं. मीनाबाईनं मान डोलावली नि मनात म्हणाली, काही नको! कारण पट्टी काढली तेव्हा तिनं आरशात पाहिलं होतं. दोरा कुठेच नाही! नुसती एक रेघ, वरून डिंक फासल्यासारखी चकाकणारी. आत विरघळणारे टाके आहेत, वर कातडी चिकटवलीय, असं सिस्टरनं सांगितलं. जन्म शिलाईत गेलेल्या बाईला हे पटतंय होय? हात वर केला की सगळं उसवणार, हे तिनं डोक्यात पक्कं करून टाकलं. जखम भरली तरी कोपर काही सुटेना.

एक दिवस जेवताना तिचा नवरा भाईदास म्हणाला, "यंदा कानबाई कामिनी लई जाई."

कामिनी म्हणजे धाकटी जाऊ. श्रावणात घरी कानबाई देवी बसते, आणि दुसऱ्या दिवशी तिला चौरंगासकट डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, नाचत नदीवर न्यायचा मान थोरल्या सुनेचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तो मीनाबाईचा होता. कॅन्सर म्हटल्यावर जी रडली नव्हती, ती त्या दिवशी ताटावरच ढसाढसा रडली.

कामिनी उठली, कपाटातून आपली साडी काढून आणली नि फॉल लावलेली कड जावेच्या नाकासमोर धरली.

"हाऊ फॉल कोनी लावा?"

"मी."

"मंग वरतून टाका कोठे शे? दखाड माले!"

मीनाबाईनं कड उजेडात धरून पाहिली. टाका दिसणार कसा? दिसला तर ती मीनाबाई कसली!

"तू करस ती शिलाई, नि डाक्टरनी करं तो डिंक का?" कामिनी कडाडली. "ऊठ! भीतले हात लाव."

मीनाबाईला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं!

मग सुरू झाली भिंत. दुखलं म्हणजे काय दुखलं! बगलेत दोरी ताणल्यागत व्हायचं. मीनाबाई जावेच्या नावानं खडे फोडत बोटं चढवायची, आणि ती पोचतील तिथं कामिनी कुंकवाचं बोट टेकवायची. ठिपके स्विचबोर्ड ओलांडून कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेले. फेरतपासणीत डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला, हलकं वजन उचलायला हरकत नाही म्हणाले. आषाढ सरत आला तेव्हा मीनाबाईनं फळीवरचा चौरंग स्वतः खाली काढला आणि जावेच्या हातात दिला.

"ले, पूस," एवढंच म्हणाली. कामिनीचे डोळे भरून आले होते.

लेक मयूरीनं ब्लाउजात घालायला स्पंज आणून दिला होता. मीनाबाईनं त्याच्यात सुया टोचून ठेवल्या, आणि स्वतःसाठी नव्या मापाचा ब्लाउज बेतला, उजवीकडे सपाट. पदर मात्र घट्ट खोचला. गावाला तमाशा कशाला?

मिरवणूक निघाली. डोक्यावर नथ घातलेली नारळाची कानबाई, दोन्ही हात वर, पुढे वाजंत्री. नदीच्या उतारावर नाच असा रंगला की खोचलेला पदर सुटला. सपाट बाजू सगळ्या गावासमोर आली. बायकांच्या टाळ्या थांबल्या, वाजंत्रीही अडखळली. पदर सावरायचा तर एक हात खाली घ्यावा लागणार होता. क्षणभर मीनाबाईचा कोपर जुन्या सवयीनं बरगडीकडे झुकला. कामिनी पदर घ्यायला धावली.

"ऱ्हाऊ दे वं!" मीनाबाई ओरडली. "इतला महिना लागनात हात वर कराले, आते खाले करू का?"

मग ती वाजंत्रीवाल्याकडे वळली. "काय रे, तुन्हा हात दुखना का? वाजाड!"

त्यानं असं वाजवलं की पैलतीराला ऐकू जावं. कामिनीनं शिट्टी मारली, बायका पुन्हा टाळ्या पिटायला लागल्या, आणि मीनाबाई दोन्ही हात वर ठेवून नाचत नाचत तापीत उतरली.