मनालीच्या खांद्याची ट्यूब

मी एक जुनी ट्यूब आहे. टूथपेस्टची नव्हे मित्रांनो, मोटारसायकलच्या टायरमधली, काळ्या रबराची. रोह्याहून धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या प्रविणभाऊंचं सगळं वजन मी वर्षानुवर्षं पेललं. शेवटी पंक्चरवाला निकेश म्हणाला, "भाऊ, आता ट्यूब कमी नि ठिगळंच जास्ती हायेत."

मला कापून लांब पट्टी केली. इकडे अशा पट्ट्यांचं पुढचं आयुष्य कॅरिअरवर डबा बांधण्यात जातं. मी मात्र वैद्यकीय क्षेत्रात गेले.

प्रविणभाऊंची मुलगी मनाली बटरफ्लाय पोहते, म्हणजे दोन्ही हात एकदम डोक्यावरून फिरवून पाण्यात मारत. हल्ली पोहताना तिचा खांदा ठणकायचा. पेणच्या फिजिओथेरपिस्ट दिपिकाताईंनी तिला समजावलं, "खांदा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. पाणी खेचताना छातीचे, पाठीचे मोठे स्नायू जोर करतात, आणि मागचे बारके स्नायू लिंबू बशीत धरून ठेवतात. तुझे बारके दमलेत. ते तयार झाले नाहीत तर बटरफ्लाय बंद."

मग त्यांनी सांगितलेल्या व्यायामासाठी मला घरच्या खिडकीच्या गजाला बांधलं. कोपर कमरेशी, बगलेत टॉवेलची घडी, आणि माझं टोक धरून हात सावकाश बाहेर न्यायचा.

"मने, रबर खेचून खांदा बरा व्हतो व्हय?" प्रविणभाऊ हसले. "मी कंपनीत रोज ड्रम ढकलतो. माझा नाय दुखत."

"बाबा, तुम्ही ड्रम डोक्यावरून फिरवून पाण्यात नाय आपटत."

यावर प्रविणभाऊंनी चहा मागितला.

महिन्याभरात दुखणं थांबलं आणि तिथेच घात झाला. मनाली मला विसरली. गजावर मी रिकामी लोंबताना पाहून प्रविणभाऊंनी मला सोडलं आणि माझ्याने कॅरिअरवर डबा बांधला. डब्यात वालाची उसळ असायची. वालाविषयी मला आदर आहे, पण ते पोहत नाहीत.

स्पर्धा महिन्यावर आली आणि सरावात खांदा पुन्हा ठणकला. मनाली गजाकडे धावली.

"आई, माझी पट्टी?"

"बाबांच्या डब्याला हाय गो!" अनिताताई म्हणाल्या.

प्रविणभाऊ घरी आले तेव्हा मनाली खांदा धरून पायरीवर बसली होती. त्यांनी मला डब्यावरून सोडलं, साबणाने धुतलं आणि स्वतः गजाला बांधलं. दुसऱ्या दिवसापासून डबा हँडलला लटकून कामावर जाऊ लागला आणि मनाली मला रोज ताणू लागली.

स्पर्धेच्या दिवशी तलावाच्या कठड्याला मला बांधून मनालीने आधी खांदे तयार केले. मग ती पाण्यात उतरली. शेवटच्या टप्प्यात शेजारून पोहणाऱ्या मुलींचे हात दमून पाण्याला घासू लागले. मनालीचे दोन्ही हात मात्र बरोबरीने वर येत राहिले. लिंबू बशीत होतं! तिचा तिसरा नंबर आला.

"ही आमची ट्यूब!" प्रविणभाऊ कठड्याजवळच्या प्रत्येकाला सांगत होते. पोरगीही त्यांचीच, हे लोकांना बऱ्याच वेळाने कळलं.

पण मित्रांनो, माझ्या अभिमानाची खरी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या दिवशी ना सराव होता ना स्पर्धा. खांदा अजिबात दुखत नव्हता. तरी मनाली डोळे चोळत खिडकीशी आली आणि तिने मला ताणलं.

दुखल्यावर तर सगळेच काळजी घेतात. तुम्ही न दुखणाऱ्या खांद्याचीही घ्या. आणि घरात जुनी ट्यूब असेल, तर डबा बांधण्याआधी कुणाच्या खांद्याला हवी आहे का, ते एकदा विचारा.