पायाचं पार्सल

हस्ताचा पाऊस दणकून पडला, मग उघडीप झाली आणि वडगावच्या शिवारात काळं रान वापशावर आलं. मातीचं ढेकूळ मुठीत दाबलं तर अल्लद फुटत होतं, हाताला चिकटत नव्हतं. पेरायची घडी ती हीच. जो तो पाभर घेऊन बाहेर पडला, आणि महिपती तेवढा दारातल्या दगडावर बसून राहिला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"मास्तराकडं जाऊन ये," तो बायकोला म्हणाला.

"परवाच गेल्ती की," सोजरबाई चुलीपुढनं म्हणाली.

"आज टपाल येतंया. जा. उगं तोंड वाजवू नगं."

"तोंड वाजवतीया मी? चिखल तुडवत दोन कोस जातंय कोण? तुमी?"

बोलून गेली आणि जीभ चावली तिनं. महिपतीनं धोतराचा रिकामा सोगा मांडीखाली सरकवला. मग सोजरबाईनं भाकरी झाकली, पदर खोचला आणि मुकाट्यानं वाट धरली.

उन्हाळ्यात नदीच्या वाळूत गाडी रुतली होती. ती काढताना चाक महिपतीच्या पायावरून गेलं. पाला बांधला, शेक दिला, पण पाय काळा पडत चालला. शेवटी लांबच्या मोठ्या दवाखान्यात गोऱ्या साहेबानं तो कापला आणि माणूस वाचवला. साहेब मोठा कनवाळू. घरी धाडताना त्यानं फीत लावून माप घेतलं आणि दुभाष्याकडून सांगितलं, "लाकडाचा पाय करून टपालानं पाठवतो. पेरणीला तू उभा राहशील."

त्या एका बोलावर महिपती दिवस काढत होता. थोटकाला रोज तेल चोळायचा. वैरण टाकताना बैलांशी बोलायचा, "दम धरा रं, येतुया मी." पाभरीच्या चाड्यात बी सोडताना त्याची मूठ अशी, की उगवलेली ताटं सुतात ओवल्यासारखी दिसायची. पाय गेल्यावर मृगात माळाचं रान दुसऱ्याकडून पेरून घेतलं, तर निम्मं बी एका जागी पडलं आणि निम्मं रान उघडं राहिलं. आता त्याला दुसऱ्याची मूठ नको होती.

बाजाराच्या गावी शाळा आणि टपाल एकाच खोलीत चालायचं. चिंतामणी मास्तर पोरांना पाढे सांगत सांगत पत्रांवर शिक्के मारायचे. सोजरबाई दारात उभी राहिली.

"मास्तर, आलं का वो?"

"काय?"

"आमचा पाय."

पोरं खिदळली. मास्तरांनी छडी आपटली. "बाई, तुम्ही सारखं विचारलंत म्हणून पार्सल लवकर येत नसतं. मी चौकशीचा कागद पाठवलाय."

"तुमच्या कागदाला पाय हाईत, आन आमच्या पायाला तेवढं न्हाईत व्हय?"

मास्तरांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. थैली उलटी केली, पत्रं चाळली. एक खाकी लखोटा फोडून वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"सांगा की."

"पार्सल वडगावला पोचतं केलं, म्हणतात."

"कुटं पोचलंय? वडगावचंच की आमी!"

"हे वडगाव नव्हे बाई. दुधनीकडं एक वडगाव आहे, तिकडं गेलंय. पत्ता पावसानं भिजला होता म्हणे. गावाचं नाव तेवढं राहिलं, माणसाचं धुऊन गेलं."

"मग मागवा की म्हागारी."

"मागवतो. कागद आधी सोलापूरला जाईल. तिथून दुधनीकडं. त्यांचं उत्तर परत सोलापूरला, मग इकडं."

"आन तवर वापसा थांबंल?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा महिपती काठी टेकून ताडकन उभाच राहिला. "म्हंजी पाय हाय! हरवला न्हाई!" कितीक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रक्त दिसलं. "तू जा, सोजर. आगगाडीनं जा. शेजारच्या जोतीरामाची मालकीण मला भाकरी दील. ही घोंगडी ने गुंडाळायला, कुटं आपटू नगं." त्याच संध्याकाळी त्यानं पाभरीचे फण घासून ठेवले.

सोजरबाई जन्मात पहिल्यांदा एकटी आगगाडीत बसली. दुधनीला उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. माणसं कानडी बोलत होती. विचारत विचारत ती त्या वडगावच्या विहिरीवर पोचली. पाणी ओढणाऱ्या बायकांना तिनं आपल्या पायावर हात मारून, लाकडाचा रहाट दाखवून खूण केली. एकीला लाकडाचा पाय उमगला. "कट्टीगी कालू? सोमलिंगप्पा?" म्हणत तिनं ओढ्यापलीकडच्या रानाकडं बोट केलं.

सोजरबाई बांधावर गेली आणि जागच्या जागी थांबली.

रानात पाभर चालली होती. मागनं एक बुटका, रापलेला माणूस चाड्यावर मूठ धरून येत होता. उजवा पाय टाकायचा, मग डावा कमरेतनं झोका देऊन ओढायचा. डावा पाय लाकडाचा होता. मऊ मातीत तो रुतायचा, माणूस दात आवळून उपसायचा, पुढं जायचा. बैल त्याच्यासाठी थांबत होते.

बांधाशी येऊन त्यानं पाभर उभी केली. "यारू? कोण अक्का तुमी?" तो मोडक्या मराठीत म्हणाला.

"त्यो पाय आमच्या धन्याचा हाय," सोजरबाई म्हणाली. वाटभर ती हेच घोकत आली होती.

सोमलिंग खाली बसला. त्याची बायको गुरम्मा बियाण्याची टोपली घेऊन धावत आली. दोघांचं कानडीत भराभरा बोलणं झालं. मग तोच सांगू लागला, "अक्का, देवाची शपथ. माजा पाय लई वर्सांखाली गेला, साप चावला तवा. टपालवाला आला. गोणपाट फाटून पाऊल भायेर आलेलं. म्हनला, गावात लंगडा तू येकटाच. तर हे तुजंच. सरकारनं धाडलं आसंल. मला वाटलं, धाडलं आसंल की."

"सरकार धाडतंय व्हय कुनाला पाय?"

"न्हाई," तो खाल मानेनं म्हणाला. "पर आला, तर नको कसं म्हनू?"

सोजरबाईनं घोंगडी पसरली. "सोड त्यो. माझा मानूस दारात बसलाय. रान वापशावर हाय."

सोमलिंगनं मुकाट पट्टे सोडले. आतनं थोटूक रक्ताळलेलं निघालं, फडकं चिकटलेलं. त्यानं पाय पुसला, दोन्ही हातांनी पुढं केला. गुरम्मा तोंडाला पदर लावून रडायला लागली. सोजरबाईनं पाय घेतला, उभा धरून आपल्या गुडघ्याशी लावून बघितला. पाय आखूड होता. पोटरीपाशी करवतीचा घाव, वर लोखंडी पट्टी ठोकलेली.

"हे काय केलंय?"

"मला लांब व्हत हुता," सोमलिंग पुटपुटला. "सुताराकडनं मधनं कापला, जोडला."

महिपती उंचापुरा गडी. हा पाय लावला तर तो बाभळीसारखा एका अंगाला कलंडला असता. वरनं तुकडा जोडावा, तर लाकूड चिरलेलं, पट्टीवर कसंबसं तगलेलं. सोजरबाई बांधावर बसली. ऊन तापत होतं. पेरलेल्या ओळींवर चिमण्या उतरत होत्या, आणि अजून निम्मं रान पडलं होतं. तिनं बराच वेळ त्या उघड्या रानाकडं बघितलं.

मग तिनं पाय सोमलिंगपुढं ठेवला. "बांध," ती म्हणाली. "ऊन रानाची वल खातंय."

गुरम्मानं तिला भाकरी खाल्ल्याबिगर सोडलं नाही.

ती परतली तेव्हा महिपती वेशीपर्यंत काठीवर आला होता. रिकामी घोंगडी बघून तो तसाच घराकडं वळला. ओसरीवर बसल्यावर तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"चालतो का त्यो?"

"चालतो. रगत येतं, पर चालतो."

"मूठ कशी हाय त्याची?"

"बरी हाय."

महिपतीनं भिंतीला टेकून डोळे मिटले. "तू आनायचा हुतास," तो म्हणाला. "जाळला आसता मी चुलीत. तरी आनायचा हुतास." आणि मग तोंड फिरवून, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. सोजरबाई जवळ बसून राहिली. त्याच्या पाठीवर हात ठेवायचं तिला धाडस झालं नाही.

जोतीरामानं आपलं रान उरकून त्यांचं पेरून दिलं. पण तोवर वरची वल उडाली होती. बी कोरड्यात पडलं, मुंग्यांनी ओढून नेलं. कुठं कुठं दोन ताटं वर आली, तीही पिवळी.

थंडी कडाक्याची पडू लागली तेव्हा चिंतामणी मास्तर स्वतः कागद घेऊन आले. वरनं चौकशी लागली होती. पार्सल मालकाला मिळालं नसेल, तर ज्यानं घेतलं त्याच्यावर फौजदारी होणार होती. मिळालं असा अंगठा दिला, तर प्रकरण मिटणार होतं.

"आन अंगठा दिला, तर दवाखाना दुसरा पाय दील?" सोजरबाईनं विचारलं.

मास्तर अवघडले. "साहेब विलायतेला परत गेलाय, बाई. आणि एकदा पोचला म्हटल्यावर दुसरा कोण देणार?"

"आना हिकडं," महिपती म्हणाला. मास्तरांनी त्याच्या अंगठ्याला शाई लावली. पाय मिळाला, असं लिहिलेल्या ओळीखाली त्यानं अंगठा दाबला, जोर देऊन, नीट उमटेपर्यंत.

मास्तर गेले. दारातनं आपलं उघडं रान दिसत होतं. महिपती तिकडं बघत राहिला.

"त्याचं उगवलं आसंल का गं?"

"आसंल की."

"कनसं भराय आली आसतील आता," तो म्हणाला, आणि काठी न घेता, दोन्ही हातांवर सरकत आत गेला. "दार लोट. वारं सुटलंया."