ओकाची गणेशपट्टी

शालिग्राम मिस्तरीला त्या लाकडाची पहिल्या दिवसापासून शिसारी आली होती. जन्मभर त्याने सागवान कोरलं. सागवानाला पटाशी लावली की कसा तेलकट, जिवाला बरा वाटणारा वास सुटतो. हे लाकूड विलायती. ओक म्हणतात त्याला, असं इंद्रभान पाटलांनी सांगितलं होतं. त्यावर रंधा फिरवला की नासक्या ताकासारखा आंबूस वास यायचा, आणि घामेजल्या हातात लोखंडी पटाशी धरून दिवसभर काम केलं की तळवे शाईत बुडवल्यासारखे काळेनिळे पडायचे. राखेने घासून घासून कातडी सोलायची वेळ आली, पण काळेपण हटत नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडायचा तर त्याच हातांनी.

ते लाकूड एका साहेबाच्या जेवणाच्या मेजाचं होतं. कापसाच्या प्रेसवरचा साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, आणि पाटलांनी ते मेज गाडीवर घालून आपल्या गावी, किन्हीराजाला आणलं. आठ हात लांब, चार बोटं जाड. वर सुऱ्यांचे चरे, पेल्यांचे गोल डाग, आणि फळ्यांच्या फटीत वाळून बसलेली चरबी. ती खरवडून काढताना शालिग्रामला दोनदा उठून बाहेर जावं लागलं. याच फळीतून त्याला पाटलांच्या नव्या घराची गणेशपट्टी करायची होती. दाराच्या चौकटीची वरची आडवी पट्टी, मधोमध गणपती, घरात शिरणाऱ्याने मान वर केली की देव दिसावा.

"पाटील, याच्यावर मांस खाल्लेलं हाय," त्याने पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं.

"मंग रंधा कायले हाय?" पाटील बाजेवर बसले होते, तिथूनच त्यांनी पानाची पिंक टाकली. "वरून दोन सूत काढून टाक. अन् प्रयागबाईच्या कानावर घालू नको."

प्रयागबाई म्हणजे पाटलांची थोरली बहीण. विधवा होऊन कधीकाळी माहेरी आली ती इथलीच झाली. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. बाई फारसं बोलत नसे, पण तिच्यासमोर गडी खोकायलाही बिचकत.

शालिग्राम राहायचा जऊळक्याला. कामापुरता तो पाटलांच्या गोठ्याशेजारी उतरला होता, बाजाराच्या दिवशी तेवढा घरी जायचा. रोज सकाळी पाटील बाजेवर येऊन बसत आणि त्याचं काम बघत. पंचावन्न-छप्पन्नचं वय, दोन बायका मसणात पोचवलेल्या, मूल एकीलाही नाही. गालाच्या पिशव्या लोंबलेल्या, दात पानाने कुजून काळे पडलेले. बसल्या बसल्या पायाच्या भेगा उकरायची त्यांना सवय होती, आणि त्याच बोटांनी ते फळीवरून हात फिरवून म्हणायचे, "मस्त होऊन राह्यलं, मिस्तरी."

घाई मोठी होती. लग्न होतं घरात. पाडवा उलटला की दोन दिवसांनी, एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून, सरकारचा नवा कायदा लागू होणार होता. चौदा वर्षांखालच्या पोरीचं लग्न लावणं त्या दिवसापासून गुन्हा. त्यामुळे त्या फाल्गुनात गावोगाव वाजंत्री मिळेना आणि भटजींना पाय टेकायला सवड नव्हती. लग्न पाटलांच्या पुतण्याचं असेल असं शालिग्राम धरून चालला होता.

गणपती पुरा झाला. सोंड, मोदक, पायाशी उंदीर, सगळं सुरेख उतरलं. लाकूड ओंगळ, पण रेघ पकडून ठेवण्यात चिवट होतं. सागाला न झेपणारं बारीक काम ते झेलायचं, हे शालिग्रामला मनाविरुद्ध कबूल करावं लागलं. तेव्हा पाटील म्हणाले, "आता दोन्ही बाजूनं नवरदेव-नवरी काढ. हात जोडून उभे."

"नवरदेवाले एक खेप पाठवून द्या मंग. तोंडवळा पाहून घेतो."

पाटील हसले. काळे दात दिसले. "पाह्य ना. बसलो हाय तुयापुढं."

शालिग्रामच्या हातातली पटाशी तशीच राहिली. त्याने ती सहाणेवर घासायला घेतली. धार होतीच. तरी तो घासत राहिला.

चौथ्या दिवशी नवरी आली. दागिन्यांचं माप घ्यायचं निमित्त होतं. धनजहून तिचा बाप, जगदेव, तिला बैलगाडीत घालून घेऊन आला. पाटलांनी त्याला पाच एकर काळी जमीन कसायला द्यायचं कबूल केलं होतं, हे गोठ्यातल्या गड्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. जगदेव दिवसभर ती जमीन बघत हिंडला. पोरीला शालिग्रामपुढे आणून बसवली.

चतुरा तिचं नाव. दहा वर्षांची. वरचा एक दात पडलेला, तिथे नवा अर्धाच उगवला होता. लुगड्याच्या ओझ्याने तिला धड बसता येत नव्हतं. मग रंध्यातून निघालेली लाकडाची लांब, गुंडाळलेली साल तिने उचलली आणि मनगटात घातली. दुसरी उचलली. कोपरापर्यंत बांगड्या भरून तिने हात वर करून दाखवला.

"आबा, हे पाहा."

"झाक दिसते," शालिग्राम म्हणाला.

"आबा, नवरदेव कोनता हाय? तुमाले माहीत हाय का? मायले इचारलं त ते रडते नुसती."

पाटील पलीकडे बाजेवर पाय उकरत बसले होते. शालिग्रामने एकदा तिकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"मले नाई माहीत, बाई," तो म्हणाला.

ती निघून गेल्यावर पाटील उठून जवळ आले. पानाचा आणि घामाचा वास आला. "मिस्तरी, ध्यानात ठेव. असं लेकरू नाई दिसाले पाह्यजे. चांगली वीस वर्साची बाई काढ. माया खांद्याले लागन एवढी. पाव्हने येतीन, पाह्यतीन."

त्या दिवशी शालिग्रामने शिदोरी सोडली, काळ्या बोटांनी भाकरी मोडली, तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. भाकरी त्याने बैलाला घातली. पाटलांची घाण वाटली होतीच, पण त्याहून जास्त आपल्या जिभेची वाटली. दहा वर्षांच्या पोरीने सरळ विचारलं, आणि आपण काय सांगितलं? त्याच्या स्वतःच्या दोन्ही पोरी दहा-अकरा वर्षांच्या असतानाच त्याने उजवल्या होत्या. नवरे पोरसवदा होते खरे. पण तेव्हा त्याला कुणी विचारलं असतं तरी त्याने असंच तोंड फिरवलं असतं, हेही त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने फळीभोवती कापड बांधलं. "मुरतीचे डोळे उघडल्याबिगर कोनाले दाखवत नसते," असं त्याने पाटलांना ठणकावलं. गणेशपट्टीला अशी रीत कुठेच नव्हती. पण देवाच्या कामात नाही म्हणायला पाटील धजले नाहीत.

पुढचे आठ दिवस शालिग्रामने आयुष्यात केलं नव्हतं असं काम केलं. देव कोरणं सोपं असतं, सगळ्या देवांचं तोंड ठरलेलं असतं. माणूस जसा दिसतो तसा कोरायचं म्हटलं की रेघ न् रेघ शोधावी लागते. पाटलांच्या गालाच्या पिशव्या त्याने कोरल्या, गळ्याची लोंबती कातडी कोरली, उघड्या ओठांतले झिजलेले दात कोरले. आणि दुसऱ्या बाजूला चतुरा. पाटलांच्या कमरेइतकी. जोडलेल्या हातांत सालीच्या बांगड्या, कोपराशी गोळा झालेलं लुगडं, आणि तो अर्धा उगवलेला दात. पाटलांवर त्याला राग काढायचा नव्हता. एक रेघही त्याने जास्तीची मारली नाही.

चौकटीच्या पूजेच्या दिवशी सकाळीच प्रयागबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. इकडे-तिकडे पाहून तिने कापड वर केलं. शालिग्राम उठून उभा राहिला. बाई पुष्कळ वेळ वाकून पाहत होती.

"मायं लगन झालं तवा मी येवढीच होती," ती म्हणाली. "मले झोपेतच उचलून मांडवात नेलं. तिसऱ्या वर्सी गेला तो. त्याचं तोंड नाई आठवत मले. खोकला आठवते."

तिने कापड खाली सोडलं आणि नीट चारी बाजूंनी खोचलं.

"पाटलाले सांगसान का, बाई?"

"पानी पे, मिस्तरी," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी अंगण भरलं. लग्न परवावर होतं, अर्धे पाहुणे आधीच उतरले होते, चतुराला घेऊन जगदेवही आला होता. चौकट अंगणात दोन बाजांवर आडवी ठेवली होती. भटजींनी हळदकुंकू वाहिलं. पाटील जरीचा फेटा बांधून पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कापड ओढलं.

पुढचे लोक वाकून पाहत होते, मागचे टाचा उंचावत होते. एका म्हाताऱ्याने पाहिलं, आणि मग ओसरीवर बायकांत बसलेल्या चतुराकडे पाहिलं, आणि मान फिरवली. मागून कोणीतरी विचारलं, "पाटलाची नात हाय काय हे?" दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

पाटलांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. "मिस्तरी! काय सांगतलं होतं तुले? ते छील. आत्ता छील!"

"मायाकडून नाई होनार."

"नाई होनार?"

"जे हाय तेच काढलं, पाटील. खोटं असन त दाखवा."

शालिग्रामची वाकस, लाकूड तासायचं हत्यार, तिथेच पडलेली होती. पाटलांनी ती उचलली आणि घाव घातला. आपल्या मूर्तीला त्यांनी हात लावला नाही. आपलं तोंड त्यांना नीटच वाटलं असणार. घाव पोरीच्या तोंडावर पडला. लाकूड टणक, वाकस ठणकन उसळून आली. पाटलांनी पुन्हा मारली. पुन्हा. फेटा सुटून गळ्यात आला, तोंडातून पानाची लाळ ओघळून सदऱ्यावर पडली, आणि धापा टाकत ते त्या वीतभर लाकडी लेकरावर घाव घालत राहिले. एवढी माणसं उभी होती, पण एकही पुढे झाला नाही. शेवटी नाकाची कपची उडाली.

उंच ओसरीवरून चतुराला फळीवरच्या आपल्याच सालीच्या बांगड्या दिसल्या होत्या; तिने आपलं नाक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि किंचाळली, "आबा, मले मारून राह्यले! सांगा ना त्याइले!"

शालिग्राम पुढे झाला, पण त्याच्याआधी प्रयागबाई उठली. तिने पोरीला कडेवर घेतलं. दहा वर्षांची घोडी, लुगडं जमिनीवर लोळत होतं, आणि म्हातारी तिला घेऊन गर्दीतून चालत निघाली.

"जगदेव, गाडी जुप."

जगदेव जागचा हलला नाही. तो पाटलांकडे पाहत होता. त्या नजरेत काय आहे ते शालिग्रामला स्वच्छ दिसलं, आणि पाटलांच्या लाळेपेक्षाही ते जास्त घाण वाटलं. तो माणूस अजून पाच एकरांचा विचार करत होता.

"बाई, तू मधात पडू नको!" पाटील ओरडले.

प्रयागबाईने कमरेच्या किल्ल्या काढून अंगणात टाकल्या. "जगदेव, तू जुपतं का मी जुपू?"

मग तो खाली मान घालून बैल आणायला गेला. गाडी निघाली तेव्हा बाई पोरीला मांडीवर घेऊन गाडीतच बसलेली होती. पाडवा होऊन, कायदा लागून पार आठवडा उलटेपर्यंत ती धनजला त्या पोरीच्या उशाशी बसून राहिली, असं नंतर कळलं.

पाटलांच्या गड्यांनी शालिग्रामची हत्यारांची पिशवी उकिरड्यात फेकली. त्याने शेणातून एकेक पटाशी वेचून काढली, धोतराला पुसली आणि जऊळक्याची वाट धरली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तांड्यावरचा खेमा नांगराचं लाकूड घडवून घ्यायला त्याच्या दारी आला. पंचक्रोशीत गोष्ट पसरली होती. खेमा हसत हसतच ओट्यावर बसला.

"मिस्तरी, तुमी त पाटलाचं नाकच कापलं! सारे लोक तुमचं नाव घेऊन राह्यले."

कितीतरी दिवसांनी शालिग्रामला आतून जरा बरं वाटलं. ते त्याने लपवलं.

"पन पाटील बी वस्ताद मानूस," खेमा पुढे म्हणाला. "एकतीस तारखेले लगन करूनच मोकळा झाला. पैनगंगेच्या पल्याडून आनली पोरगी. वाजंत्री नाई, काई नाई, दोन भटजी अन् चार मानसं."

"केवढी हाय?"

खेमाने बसल्या जागी हात धरून दाखवला. ओट्याखाली उभी केली तर ओट्याच्या हातभर वर येईल एवढी.

"नाव काय तिचं?"

"कोनाले माहीत? लगनातल्या चार मानसाइबिगर पाह्यली नाई कोनी. घरातच हाय." खेमाने नांगराचं लाकूड पुढे सरकवलं. "हे कधी देसान?"

शालिग्रामने लाकूड घेतलं, उलटंपालटं केलं आणि परवा ये म्हणून सांगितलं. खेमा गेला. दुपारी बायकोने दोघांची ताटं वाढली, तेव्हा तो पाटावर नुसता बसून राहिला. तिने विचारलं, त्याने त्या नव्या पोरीचं सांगितलं. ती तशीच समोर बसली. मग तिने दोन्ही ताटं उचलली आणि झाकून ठेवली.